एक पाना कमी आहे!

निवडणुका आल्या की आपल्याकडे आकाशातून पाहुणे येतात. गावाबाहेरच्या मैदानावर चुन्याने मोठं गोल आखतात, मधोमध इंग्रजी ‘एच’ काढतात, टँकरने पाणी मारतात आणि शाळा सुटल्याबरोबर अख्खं गाव तिकडे धावतं. लांबून फटफट आवाज येतो. मग धुरळा! कुणाची टोपी उडते, कुणाचा पदर, कुणाची वही. पुढारी उतरतात, हार पडतात, गाड्या भुर्रकन निघून जातात. मुलं मात्र जागची हलत नाहीत, कारण ती पुढाऱ्यासाठी आलेलीच नसतात.

मुलांनो, पुढच्या वेळी एक करा. पंखे थांबले की लगेच घरी पळू नका. हेलिकॉप्टरजवळ मागे राहिलेल्या माणसाकडे बघा. त्याच्या हातात फडकं असतं. तो हेलिकॉप्टरभोवती सावकाश एक फेरी मारतो. वाकून पोटाखाली बघतो, शेपटीकडचा छोटा पंखा हाताने हलवून पाहतो, कुठे तेलाचा ओघळ दिसला तर बोटाने पुसून बोट नाकाला लावतो. त्याला कुणी हार घालत नाही. पण त्याने मान हलवल्याशिवाय ते यंत्र उडत नाही, मग आत कितीही मोठा माणूस बसलेला असो.

हा लेख अशा फडकेवाल्या माणसांवर आहे. त्यातले दोघे आपल्याच भागातले. एक लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूर तालुक्यातले, हवाई दलातून निवृत्त झालेले. दुसरे नांदेडचे, ते भूदलात होते. दोघांनाही प्रसिद्धीची हौस नाही. नाव छापू नका, एवढी एकच अट त्यांनी घातली. म्हणून पहिल्यांना आपण ‘मेजर’ म्हणू आणि दुसऱ्यांना ‘अण्णा’.

खरं सांगायचं तर मेजर हे मेजर नाहीतच! आपल्याकडे सैन्यातून परत आलेल्या कुणालाही ‘मेजर’ म्हणायची पद्धत आहे. शिपाई असो, हवालदार असो, गावात पाऊल टाकलं की मेजर. हवाई दलात असताना ते सार्जंट होते. गावाने त्यांना परस्पर बढती दिली आणि त्यांनीही कधी तक्रार केली नाही.

मेजर भरती झाले १९७६ साली. मॅट्रिक झालेले, घरी चार एकर कोरडवाहू. पहिलं शिक्षण बेळगावजवळच्या सांबऱ्याला झालं. हवाई दलाच्या जवानांची शाळा तिथे आजही आहे. तिथून पुढे यंत्राचं काम शिकायला चेन्नईजवळ तांबरमला गेले. त्याला तेव्हा मद्रास म्हणत. गावात पाण्याचं इंजिन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली त्यांनी दोन उन्हाळे काढले होते, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असं त्यांना वाटायचं. तांबरमला पहिले कितीतरी दिवस इंजिनाला हात लावू दिला नाही. फक्त तार पिळायला लावली!

हे तार पिळणं काय असतं, ते नीट समजून घ्या. सायकलचा नट सैल होतो तो कशामुळे? खडखडाटामुळे. हेलिकॉप्टर तर आकाशात असेपर्यंत सगळं अंग थरथरवत असतं. तिथला नट कितीही घट्ट आवळा, थरथरीने तो हळूहळू फिरायला बघणारच. म्हणून महत्त्वाच्या बोल्टच्या डोक्याला बारीक भोक असतं. त्यातून तार ओवायची, पिळायची आणि शेजारच्या बोल्टला बांधायची. बांधायची अशी, की एक बोल्ट सैल व्हायला लागला तर तारेने दुसऱ्याला घट्ट होण्याच्या बाजूला ओढलं पाहिजे. दोन भाऊ एकमेकांचा हात धरून उभे, तसं. तार उलट्या बाजूने बांधली तर ती बांधून न बांधल्यासारखीच. शिकवणारे उस्ताद चुकीची तार दिसली की काही न बोलता पकडीने कापून टाकत आणि पुन्हा नवी देत. मेजरांच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर त्या तारांचे बारीक व्रण अजून दिसतात.

आता थोडं हेलिकॉप्टरविषयी. हवाई दलाकडे पहिलं हेलिकॉप्टर १९५४ साली आलं, सिकोर्स्की कंपनीचं. पुढे रशियाची ‘एमआय-४’ आली. फ्रान्सच्या ‘अल्वेत-३’ या हेलिकॉप्टरची बांधणी बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये सुरू झाली आणि १९६५ पासून ती तिथून बाहेर पडू लागली. त्याचंच आपलं नाव ‘चेतक’. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव! वर तीन पात्यांचा मोठा पंखा, शेपटीला छोटा पंखा, पुढे काचेचा मोठा फुगा आणि आत चालकासह सात माणसं. मेजरांचं सगळं आयुष्य या चेतकबरोबर गेलं.

शेपटीचा छोटा पंखा कशाला, असा प्रश्न आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने मेजरांना विचारला होता. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, त्या निमित्ताने आम्ही त्यांना शाळेत बोलावलं होतं. (ध्वजदिनाचे छोटे कागदी झेंडे शाळेत येतात आणि आपण पैसे देतो, ते सैनिकांच्या कुटुंबांसाठी जातात. १९४९ पासून ही प्रथा आहे.) मेजरांनी हेडमास्तरांची फिरती खुर्ची मागवली. मुलीला तिच्यावर बसवलं, पाय वर उचलायला सांगितले आणि म्हणाले, “आता समोर हात कर आणि झटक्यात उजवीकडं वळव.” तिने हात उजवीकडे वळवले आणि खुर्ची डावीकडे फिरली! वर्ग हसून लोटपोट. वरचा मोठा पंखा एका बाजूला फिरतो तेव्हा खालचं अंग दुसऱ्या बाजूला फिरायला बघतं. ते फिरू नये म्हणून शेपटीचा छोटा पंखा सतत बाजूला रेटा देत असतो. तो बंद पडला तर हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं गरगर फिरेल. म्हणून शेपटीपर्यंत जाणारा फिरता दांडा, त्याची वंगणं, त्याचे सांधे यांच्यावर दुरुस्तीवाल्यांची नजर फार कडक असते.

यानंतर मेजरांनी जी गोष्ट सांगितली, तिच्यावरून लेखाला नाव दिलं आहे.

ईशान्येकडच्या एका तळावर ते होते. पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळची वेळ. दिवसभराचं काम संपलं की तिथे हत्यारांची मोजणी होते. मोजणीची पद्धत मोठी छान आहे. भिंतीवर एक फळी असते. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगाने काढलेली असते, पान्याच्या जागी पान्याची, पेचकसाच्या जागी पेचकसाची. हत्यार जागेवर टांगलं की आकृती झाकली जाते. नसेल तर रिकामी आकृती लांबूनसुद्धा डोळ्यांत भरते. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळावं, अशी सोय. त्या संध्याकाळी फळीवर एक लहानसा पाना कमी होता. वीतभर लांबीचा.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? एक पाना! बाजारात मिळतो की. पण त्या दिवशी तिथे तीन हेलिकॉप्टरवर काम झालं होतं. पाना त्यातल्या कुठल्या तरी एकात राहिला असेल तर? आकाशात गेल्यावर तो सरकत सरकत चालकाच्या दांड्याखाली अडकला तर? म्हणून नियम असा, की हत्यार सापडेपर्यंत तिन्ही यंत्रं जमिनीवर. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगरातल्या एका चौकीवरून आजारी जवानाला आणायचं होतं. पावसात रस्ता वाहून गेलेला. चेतकशिवाय त्याला आणायला दुसरं काही नव्हतं.

मग सगळे कामाला लागले. गवतात बॅटऱ्या मारून पाहिलं. कचऱ्याचा डबा उपडा केला. प्रत्येकाने खिसे उलटे केले. साहेबसुद्धा गुडघ्यांवर बसून जमीन चाचपत होते. एकेका हेलिकॉप्टरची झाकणं उघडून आत आरसा घालून बघायचं, हात घालून बघायचं, पुन्हा झाकण लावायचं. रात्री साडेअकराला तिसऱ्या हेलिकॉप्टरमध्ये तो सापडला. शेपटीकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर जे लांबट झाकण असतं, त्याच्या आत. दांड्यापासून चार बोटांवर!

वर्गात चिडीचूप शांतता होती. मग मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं, “काका, पण तो पाना कुणी विसरला होता?”

“मीच,” मेजर म्हणाले.

मला वाटलं, आता हे विषय बदलतील. पण त्यांनी सगळं सांगितलं. फळी रिकामी दिसल्याबरोबर त्यांनी स्वतःच ओरडून सांगितलं होतं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी त्यांना समोर उभं केलं. शिक्षा झाली, पण ती विसरल्याची. लपवलं असतं तर गणवेशच उतरला असता. शिक्षा म्हणून पुढे महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्या पेट्यांची मोजणी त्यांनीच करायची आणि नव्या पोरांना तो पाना दाखवून आपली गोष्ट आपणच सांगायची! तो आजारी जवान मात्र पहाटे वेळेवर खाली आला.

मेजरांच्या शेतातली खोली मी पाहिली आहे. तिथे भिंतीवर खुरपं, विळा, पाने, पकड, करवत सगळ्यांच्या आकृत्या निळ्या रंगाने काढलेल्या आहेत. शेजारी पकड मागायला आला तर देतात, पण रिकाम्या आकृतीवर त्याच्या नावाची चिठ्ठी लावून. शेजारी त्यांना हसतात. पकड मात्र परत येते.

आता एक गणित करा. पाटी नको, वहीच घ्या. चेतकचा वरचा पंखा फिरतो तेव्हा जे वर्तुळ तयार होतं, त्याचा व्यास सुमारे ११ मीटर असतो. पंखा मिनिटाला साधारण ३५० फेरे घेतो. तर पात्याचं टोक ताशी किती वेगाने पळतं? परीघ काढायचं सूत्र पाचवी-सहावीच्या पुढच्यांना येतंच. २२ भागिले ७, गुणिले ११. त्याला ३५० ने गुणा. उत्तर येतं १२,१०० मीटर. म्हणजे मिनिटाला १२ किलोमीटर १०० मीटर. तासाला ७२६ किलोमीटर! लातूरहून नांदेडला जायला एसटीला तीन तासांच्या आसपास लागतात. त्या टोकावर बसता आलं असतं तर बारा-पंधरा मिनिटांत पोहोचला असता. (बसू नका.)

इतक्या वेगाने पळणारी तीन पाती अगदी एका पातळीत फिरली पाहिजेत. एखादं बोटभर वर किंवा खाली गेलं की सगळं यंत्र गदगदा हलायला लागतं. पण फिरणारी पाती तर डोळ्यांना दिसतच नाहीत, नुसती धूसर तबकडी दिसते. मग कुठलं पातं वर आहे हे ओळखायचं कसं? आज त्यासाठी विजेवर चालणारी उपकरणं आहेत. जुन्या काळी काय करत, ते ऐका. तीन पात्यांच्या टोकांना तीन रंगांचे खडू फासायचे, लाल, निळा, पिवळा. एका लांब काठीला पांढऱ्या कापडाची ताणलेली पट्टी बांधायची. इंजिन सुरू करायचं, पंखा पूर्ण वेगाने फिरू द्यायचा आणि एका माणसाने ती काठी धरून हळूहळू पात्यांच्या टोकाजवळ न्यायची. इतकी हळू, की कापडाला टोकांचा नुसता स्पर्श व्हावा. टप्! की लगेच मागे. मग कापडावर बघायचं. लाल रेघ वर, निळी मधे, पिवळी खाली, असं दिसलं की कळलं कुठल्या पात्याची दांडी किती फिरवायची. पुन्हा खडू, पुन्हा काठी. तिन्ही रंग एकमेकांवर येईपर्यंत.

काठी धरणाऱ्याचे पाय थरथरून चालत नसे. मेजर म्हणतात, “पयल्या दिवशी माझे दात वाजायलते. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं न्हाई, म्हणून वाचलो.”

त्या आवाजाची किंमत मात्र द्यावी लागली. चेतकच्या इंजिनाचं चक्र मिनिटाला तेहतीस हजारांहून जास्त फेरे घेतं आणि त्याची कर्कश शिट्टी कानात घुसते. आजच्यासारखी चांगली कानटोपणं तेव्हा सगळ्यांना मिळत नसत, आणि मिळाली तरी गर्मीत कोण घालतो? मेजरांना आता डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. वर्गात मुलांचे प्रश्न त्यांच्या उजव्या बाजूला उभं राहून मला पुन्हा सांगावे लागत होते.

या खात्यात एक पुस्तक फार मोठं मानतात. प्रत्येक हेलिकॉप्टरची एक वही असते. कुठल्या तारखेला काय बदललं, कुणी बदललं, कुणी तपासलं, सगळं त्यात. चालकाच्या दांड्यांशी संबंधित काम असेल तर एकाने करून भागत नाही. दुसऱ्या माणसाने, पहिल्याला न विचारता, स्वतः हात लावून तपासायचं आणि वेगळी सही करायची. उडण्याआधी वैमानिक ती वही वाचतो आणि सही करून यंत्र ताब्यात घेतो. म्हणजे त्या खालच्या सहीवर विश्वास ठेवून तो आपला जीव वर नेतो. आणखी एक गंमत अशी, की यातल्या कितीतरी भागांचं आयुष्य तासांत ठरलेलं असतं. तेवढे तास उडून झाले की भाग काढून टाकायचा. तो चांगला दिसत असला तरी! आपल्या घरी पंख्याचा खटका मोडल्याशिवाय कुणी बदलतं का?

लढाईच्या काळात ही माणसं काय करतात, हे १९७१ ने दाखवलं. त्या युद्धात मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल शत्रूने उडवून दिला होता. आपल्या सैन्याला पलीकडे जायचं होतं. ९ डिसेंबरच्या रात्रीपासून ‘एमआय-४’ हेलिकॉप्टरांनी जवान आणि सामान नदीपलीकडे नेऊन सोडायला सुरुवात केली. शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. लेफ्टनंट जनरल सगत सिंग आणि ग्रुप कॅप्टन चंदन सिंग ही नावं त्या मोहिमेबरोबर घेतली जातात आणि ती घेतलीच पाहिजेत. पण फेऱ्या मारून तापलेली यंत्रं पुन्हा पुन्हा उडायला तयार कुणी केली? अंधारात, थंडीत, हातात बॅटरी धरून? त्यांची नावं शोधायला गेलात तर फार कमी सापडतील.

त्याच वर्षी सप्टेंबरात नागालँडमधल्या दिमापूरला आणखी एक करामत झाली होती. बांगलादेशच्या स्वातंत्र्यसैनिक वैमानिकांसाठी एक साधं अल्वेत हेलिकॉप्टर लढाऊ बनवायचं होतं. ते बनलं होतं माणसं आणि सामान न्यायला! तंत्रज्ञांनी त्याला रॉकेटं बसवली, मशिनगन बसवली, खालून गोळ्या लागू नयेत म्हणून तळाला जाड पोलादी पत्रा लावला. वजन वाढलं, तोल बदलला, सगळं पुन्हा तपासलं. ३ डिसेंबरच्या रात्री त्याच हेलिकॉप्टरने नारायणगंजच्या तेलसाठ्यावर हल्ला केला. मेजर भरती झाले तेव्हा हे किस्से सांगणारे उस्ताद नोकरीत होते.

आता नांदेडच्या अण्णांकडे वळू.

अण्णा १९९० साली भूदलात गेले. भूदलालाही स्वतःची हेलिकॉप्टरं आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्यासाठी १९८६ च्या १ नोव्हेंबरला ‘आर्मी एव्हिएशन कोअर’ वेगळं झालं. त्यांची यंत्रं सांभाळतात ई.एम.ई.वाले, म्हणजे लष्कराचे इंजिनिअर आणि मिस्त्री. ई.एम.ई.चं मोठं कॉलेज सिकंदराबादला आहे. नांदेडच्या पोराला सिकंदराबाद परकं वाटत नाही. रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथे. अण्णांची आई दर खेपेला डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी देई, आणि तो डबा बराकीत पाच मिनिटांत संपे. पुढे ते नाशिकला आले. तिथे लष्कराच्या वैमानिकांना हेलिकॉप्टर शिकवलं जातं. आणि मग लेह.

लेहहून सियाचीनला जाणारं हेलिकॉप्टर म्हणजे ‘चीता’. चेतकचाच धाकटा, हलका भाऊ. सियाचीनवर आपलं सैन्य १३ एप्रिल १९८४ ला गेलं. तिथल्या उंच चौक्यांना रस्ता नाही. केरोसीन, औषधं, पत्रं हेलिकॉप्टरनेच जातात. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा. पंख्याला पकडायला हवाच नाही, इंजिनाला श्वास घ्यायला हवा नाही! म्हणून चीतामधून नको असलेलं सगळं काढून टाकतात. सर्वात उंच चौक्यांवर ते एका खेपेला थोडेसेच डबे नेऊ शकतं. आणि वर पोहोचल्यावर इंजिन बंद करत नाहीत. बंद केलं आणि पुन्हा सुरूच झालं नाही तर?

अशा ठिकाणी दुरुस्ती म्हणजे काय, ते अण्णा एका वाक्यात सांगतात. मोजे घातले तर खिळ हातात धरता येत नाही आणि काढले तर हात लोखंडाला चिकटतो. म्हणून दोघांनी मिळून काम करायचं. एकाने मोजे काढून मिनिटभर काम करायचं, तेवढ्यात दुसऱ्याने हात काखेत धरून गरम करायचे. मग पाळी बदलायची. रात्री हेलिकॉप्टरची बॅटरी काढून आपल्या खोलीत, बुखारीजवळ. बुखारी म्हणजे रॉकेलची शेगडी. अण्णा म्हणतात, कधीकधी बॅटरीला आमच्यापेक्षा उबदार जागा मिळायची.

२०१८ च्या जानेवारीत सियाचीनमधल्या खंडा चौकीवर, सुमारे अठरा हजार फुटांवर, लष्कराचं एक ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर अडकून पडलं. बर्फात रुतलं. तिथेच सोडून देणं सोपं होतं. पण तंत्रज्ञ वर जात राहिले, भाग नेत राहिले, आणि जुलै महिन्यात त्यांनी ते चालू करून खाली आणलं. तेव्हा अण्णा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. वर्तमानपत्रातली ती बातमी त्यांनी घरातल्या सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवली. त्यांची नात तेव्हा दोन वर्षांची होती. तिलाही बसवलं होतं!

आपल्याला समुद्र नाही, पण मुंबई-गोव्याच्या नौदलातल्या चेतकवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. जहाजावरून उडालेलं हेलिकॉप्टर परत आलं की आधी गोड्या पाण्याने धुवायचं. खारं वारं लोखंड आणि अॅल्युमिनियम दोन्ही खातं. पावसात बाहेर राहिलेल्या सायकलची चेन बघा, म्हणजे अंदाज येईल.

बरं, ही माणसं घरी परत येतात तेव्हा?

अण्णा परत आले तेव्हा चाळीस-बेचाळिशीचे होते. सैन्यात बहुतेक जवान याच वयात, काही तर पस्तिशीतच निवृत्त होतात. इतर नोकरदारांचे बाबा त्या वयात पहिली बढती घेतात. मुलं शाळेत, आईवडील म्हातारे. अण्णांना वाटलं, हेलिकॉप्टर दुरुस्त करणाऱ्याला काम काय कमी? पण नागरी हेलिकॉप्टरला हात लावायचा तर त्याचा वेगळा परवाना लागतो, त्याच्या वेगळ्या परीक्षा असतात. त्या देण्याइतका वेळ आणि पैसा नव्हता. अण्णांनी नऊ वर्षं एका बँकेच्या दारात पहारेकऱ्याचं काम केलं. बँकेचं जनरेटर बिघडलं की मिस्त्री येण्याआधी तेच दुरुस्त करत, तो भाग वेगळा.

आपण गावात बोलतो, फौजीला काय कमी आहे? पेन्शन आहे, कँटीन आहे, दवाखाना फुकट! मीही हे पुष्कळदा ऐकलंय. म्हणून नेमकं काय मिळतं ते सांगते.

कँटीन म्हणजे सीएसडीचं दुकान. साबण, तेल, कुकर, पंखे बाहेरपेक्षा स्वस्त मिळतात, कारण सरकार त्यावरच्या करात सूट देतं. पूर्वी पुस्तिका असे, आता स्मार्ट कार्ड. महिन्याची मर्यादा ठरलेली. (मोठ्यांच्या एका वस्तूचाही कोटा असतो. गावात चर्चा फक्त त्याचीच होते, आपण इथे नको करायला.) कँटीनचा दिवस म्हणजे आजूबाजूच्या तालुक्यांतले म्हातारे फौजी सकाळच्या एसटीने येतात, रांगेत उभे राहतात आणि “कुठली युनिट?” असं एकमेकांना विचारतात. मेजर म्हणतात की साबणापेक्षा या प्रश्नासाठीच ते येतात. गावात असं विचारणारं कुणी नसतं.

दवाखान्याची योजना २००३ साली सुरू झाली, तिला ईसीएचएस म्हणतात. ती अगदी फुकट नाही, सुरुवातीला रक्कम भरावी लागते. आधी त्यांच्या पॉलिक्लिनिकमध्ये जायचं, तिथून चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयात. मेजरांच्या कानाचं यंत्र असंच मिळालं. पेन्शन पंधरा वर्षं सेवा केलेल्या जवानाला मिळते. पूर्वी आधी निवृत्त झालेल्याला कमी आणि नंतरच्याला जास्त असा फरक होता. तो मिटवण्यासाठी ‘वन रँक वन पेन्शन’चा आदेश २०१५ च्या नोव्हेंबरात निघाला. महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये माजी सैनिकांच्या घरपट्टीची माफी सगळ्यांना लागू केली. अभियांत्रिकीच्या प्रवेशात त्यांच्या मुलांना काही जागा असतात, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, तिथे या सगळ्याचे अर्ज मिळतात. पालकांपैकी कुणी माजी सैनिक असाल आणि अजून तिथे नाव नोंदवलं नसेल, तर आधी ते करा.

एक गोष्ट मात्र पालकांनी नीट वाचावी. पहाटे लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर भरतीसाठी धावणारी पोरं आपण रोज बघतो. त्यांना वाटतं, मेजरकाकांसारखं आपल्यालाही सगळं मिळेल. २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत जवान चार वर्षांसाठी घेतले जातात. त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम करतात. बाकीच्यांना एकरकमी निधी मिळतो, पण त्या नियमांनुसार पेन्शन नाही, कँटीन आणि ईसीएचएसही नाही. धावणं थांबवा असं मी म्हणत नाही. पण हे माहीत असून धावा. आणि हाताला एखादं कसब असू द्या. आयटीआय असतं, डिप्लोमा असतो. अण्णा स्वतः प्रत्येक धावणाऱ्या पोराला हेच सांगतात, पोरं ऐकून घेतात आणि पुढे पळतात.

नोव्हेंबर महिना आला की निवृत्तांना ‘हयातीचा दाखला’ द्यावा लागतो. मी जिवंत आहे, माझी पेन्शन चालू ठेवा, असा कागद. पूर्वी बँकेत जाऊन साहेबापुढे उभं राहायचं. २०१४ पासून तो अंगठा लावून संगणकावरही देता येतो. मेजरांचा अंगठा मात्र यंत्र घेईना. वीस वर्षं तार पिळून आणि ग्रीस पुसून त्याच्यावरच्या रेघाच झिजल्या होत्या! चार वेळा पुसला, चार वेळा लावला, पाचव्यांदा दुसरं बोट लावलं. यंत्र म्हणे, जुळत नाही. आता चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. गेल्या नोव्हेंबरात त्यांच्या नातवाने मोबाइल समोर धरला आणि सांगितलं, “आजोबा, हलू नका, फक्त डोळे मिटा आणि उघडा.” मेजरांनी तो प्रश्न चुकीच्या कानाने ऐकला आणि तोंड उघडलं. दुसऱ्या खेपेला जमलं.